कप्पे मागणीतून घडवायचे

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी गणित शिकवते. नववी-दहावीच्या काही मुलांची ऑलिंपियाडची तयारी करून घेते. खुराड्यांपेक्षा कबुतरं जास्त असली की एका खुराड्यात दोन तरी येणारच, हे पिजनहोल तत्त्व मुलांना लगेच पटतं. १३ जण असले की दोघांचा जन्ममहिना एकच निघणार, हे मागच्या बाकावरचाही सांगतो. पण खरं कोडं फळ्यावर लिहिलं की सगळे गप्प. कबुतरं कोणती आणि खुराडी कोणती, हेच सुचत नाही. उत्तर दाखवलं की "एवढंच होतं होय!" म्हणतात आणि पुढच्या कोड्याला पुन्हा अडतात. हे सुचायची काही रीत आहे, की ज्याला सुचतं त्यालाच सुचतं?

उत्तर: बाई, रीत आहे आणि ती शिकवता येते. बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना ही कोडी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे तुमच्या वर्गातली ती शांतता मला चांगली माहीत आहे. कबुतरांना मी वस्तू म्हणतो आणि खुराड्यांना कप्पे. मुलं अडतात ती कोड्याच्या पहिल्या ओळीत कप्पे शोधत बसल्यामुळे. पहिल्या ओळीत असतात त्या वस्तू : माणसं, संख्या, बिंदू. कप्प्यांची खूण असते शेवटच्या ओळीत, "सिद्ध करा की त्यांपैकी कोणत्या तरी दोन..." या मागणीत. म्हणून मुलांना कोडं शेवटाकडून वाचायला लावा आणि दोन प्रश्न विचारायची सवय लावा. दोन वस्तू एकाच कप्प्यात पडल्या की मला हवं ते आपोआप मिळेल, असा कप्पा कसा करू? आणि असे कप्पे वस्तूंपेक्षा कमी भरतात का? पहिल्या प्रश्नाने कप्प्याचं रूप ठरतं, दुसऱ्याने कप्प्यांची संख्या. कोड्यात ५१ वस्तू दिल्या असतील तर बहुधा ५० कप्पे करायचे आहेत, हा इशारा तिथेच दिलेला असतो. मुलं तो वाचत नाहीत.

हे नुसतं सांगून उतरत नाही, म्हणून मी पहिला पूर्ण तास एकाच पटावर घालवतो. १ ते १०० या संख्या घ्या. त्यांतून कोणत्याही ५१ निवडा. आता चार वेगवेगळ्या मागण्या फळ्यावर लिहा.

पहिली : निवडलेल्यांत दोन संख्या अशा असणारच की त्यांची बेरीज १०१ आहे. दोन संख्या एका कप्प्यात आल्या की बेरीज १०१ झाली पाहिजे, मग कप्प्यात दुसरं काय ठेवणार? १ आणि १००, २ आणि ९९, ३ आणि ९८, असं करत ५० आणि ५१. कप्पे ५०, संख्या ५१. झालं.

दुसरी : दोन संख्या अशा असणारच की त्यांत ५० चा फरक आहे. पट तोच, ५१ तेच, पण मघाचे कप्पे इथे काही कामाचे नाहीत. आता १ आणि ५१, २ आणि ५२, शेवटी ५० आणि १००. पुन्हा ५० कप्पे.

तिसरी : दोन संख्या सहमूळ असणारच, म्हणजे त्यांचा मसावि १. इथे वर्ग जरा थांबतो, कारण "सहमूळ" ऐकल्यावर मुलांच्या डोक्यात मूळ अवयव, मूळ संख्या असं सगळं सुरू होतं. त्यांना विचारायचं, कोणत्या दोन संख्या काहीही न तपासता सहमूळ असतात? कुणी तरी म्हणतंच की लागून येणाऱ्या. मग कप्पे १-२, ३-४, ५-६, शेवटी ९९-१००. हे कोडं पॉल एर्डोश या हंगेरियन गणितज्ञाने १९५९ साली लॅयोश पोशा या मुलाला जेवताना घातलं होतं. पोशा तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता. त्याने समोरचं सूप संपवलं आणि सांगितलं की त्या दोन संख्या शेजारी-शेजारी असतात. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगतो. आपल्याहून लहान मुलाने एका वाक्यात उत्तर दिलं हे ऐकलं की मुलं सावरून बसतात.

चौथी : दोन संख्या अशा असणारच की लहान संख्येने मोठीला निःशेष भाग जातो. ही मागणी खरी कसदार आहे, इथे घाई करू नका. जोड्या लावून इथे भागत नाही. ४८ घेतली तर तिच्या जोडीला २४ ठेवायची, की १२, की ९६? मुलांना कप्पा दोनाचाच असतो असं वाटायला लागलेलं असतं, ती समजूत इथे मोडते. कप्पा कितीही मोठा चालतो. अट एवढीच की त्यातल्या कोणत्याही दोन संख्या उचलल्या तरी एकीने दुसरीला भाग गेला पाहिजे. अशी रांग कोणती? ३, ६, १२, २४, ४८, ९६. दर वेळी दुप्पट. मग ५, १०, २०, ४०, ८०. प्रत्येक रांग एका विषम संख्येपासून सुरू होते, आणि कोणत्याही संख्येतून २ चे अवयव काढत गेलं की शेवटी एकच विषम संख्या हाती उरते, म्हणून प्रत्येक संख्येची रांगही एकच. १ ते १०० मध्ये विषम संख्या किती? ५०. रांगा ५०, संख्या ५१. ९९ च्या कप्प्यात एकटी ९९ आहे, १ च्या कप्प्यात १ पासून ६४ पर्यंत सात संख्या आहेत. कप्पे समान असायला हवेत असं तत्त्व कुठेच म्हणत नाही.

हा तास संपला की मुलांना मुख्य गोष्ट दिसलेली असते : वस्तू चारही वेळा त्याच होत्या, कप्पे मात्र दर वेळी मागणीने बदलले.

याच पटावर दुसरी एक सवय लावून घ्या. प्रत्येक वेळी विचारा, ५१ च्या ऐवजी ५० घेतल्या तर चालेल का? १ ते ५० घेतल्या तर १०१ बेरजेची जोडी नाही आणि ५० चा फरकही नाही. सगळ्या सम संख्या घेतल्या तर त्या ५० आहेत आणि कोणत्याही दोन सहमूळ नाहीत. ५१ ते १०० घेतल्या तर कोणतीच दुसरीला भागत नाही. म्हणजे ५१ हा आकडा उगाच दिलेला नाही, एकानेही कमी करता येत नाही. आयओक्यूएम या ऑलिंपियाडच्या पहिल्या चाळणी परीक्षेच्या पेपरात उत्तर दोन अंकांत भरायचं असतं, त्यामुळे तिथे ही कोडी "कमीत कमी किती घेतल्या म्हणजे हमी मिळेल" अशा रूपात येतात. अशा प्रश्नाला दोन बाजू असतात : एवढ्या पुरतात याला कप्पे लागतात, आणि एकाने कमी पुरत नाहीत याला उदाहरण लागतं. एकच बाजू करणाऱ्या मुलाचं उत्तर कधी बरोबर येतं, कधी चुकतं, आणि का चुकलं ते त्याला कळत नाही.

इथेच एका खोडीबद्दल सांगतो, कारण क्लासमधून ती सर्रास शिकवली जाते. "सगळ्यात वाईट परिस्थिती घेऊ" असं म्हणून मुलं सुरुवात करतात. सहमूळच्या कोड्यात ती लिहितात : वाईटात वाईट म्हणजे आपण सगळ्या ५० सम संख्या घेतल्या, आता पुढची विषम घ्यावीच लागेल, म्हणून ५१. उत्तर बरोबर, सिद्धता शून्य. सम संख्या घेणं हेच वाईटात वाईट आहे, हे कुणी ठरवलं? ३ च्या पटी आणि आणखी काही घेऊन त्याहून वाईट अवस्था तयार होत नाही, हे कुठे दाखवलं? कप्पे केले की हा प्रश्नच उरत नाही. कुणी कशाही ५१ निवडू देत, कप्पे ५०च आहेत. त्यापुढच्या आरएमओ (विभागीय) आणि आयएनएमओ (राष्ट्रीय) या फेऱ्यांत सिद्धता लिहावी लागते आणि "वाईटात वाईट" वाल्यांचे गुण तिथे जातात. तुमच्या मुलांना ही सवय लागली असेल तर आत्ताच मोडा.

पटावरचं शेवटचं कोडं मुलांना घरी द्यायला उत्तम आहे. १ ते १०० मधून ५५ संख्या निवडल्या. त्यांत ९ फरकाच्या दोन संख्या असतीलच का? १० फरकाच्या? ११ फरकाच्या? अंदाजाने सगळी मुलं तिन्हींना हो म्हणतात. आता कप्पे मोजा. फरक १० असेल तर १-११, २-१२, असं १०-२० पर्यंत दहा जोड्या, मग २१ पासून पुढच्या वीस संख्यांच्या दहा. १०० मध्ये विसाचे पाच गट, म्हणून ५० कप्पे. ५५ भरपूर झाल्या. फरक ९ असेल तर अठरा-अठराचे पाच गट ९० पर्यंत जातात, त्यांच्या ४५ जोड्या. उरल्या ९१ ते १००. त्यांत ९१-१०० ही एक जोडी आणि ९२ ते ९९ या आठ एकट्या. कप्पे ४५ अधिक ९, म्हणजे ५४. जेमतेम, पण ५५ ला पुरले. फरक ११ असेल तर बावीस-बावीसचे चार गट ८८ पर्यंत, जोड्या ४४. उरल्या ८९ ते १००. त्यांत ८९-१०० ही एक जोडी आणि ९० ते ९९ या दहा एकट्या. एकूण कप्पे ५५. वस्तूही ५५, म्हणजे हमी गेली. आणि खरोखरच १ ते ११, २३ ते ३३, ४५ ते ५५, ६७ ते ७७, ८९ ते ९९ या ५५ संख्या घेतल्या तर त्यांत ११ फरकाची एकही जोडी नाही. या कोड्याने मुलांचा अंदाजावरचा विश्वास उडतो आणि मोजण्यावरचा बसतो. माझ्या मते एवढं एक कोडं नीट झालं तर अर्धं काम झालं.

आता भूमितीकडे. दोन मीटर बाजूच्या चौरस वाफ्यात मिरचीची पाच रोपं लावली आहेत, कुठेही. कोणती तरी दोन रोपं एकमेकांपासून √२ मीटर, म्हणजे साधारण १.४१ मीटर, किंवा त्याहून कमी अंतरावर असणारच. मागणी वाचा : एका कप्प्यातले कोणतेही दोन बिंदू √२ च्या आत हवेत. एक मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण √२ असतो. आणि पाच रोपांसाठी कप्पे चार हवेत. वाफ्याच्या मध्यातून एक आडवी आणि एक उभी दोरी धरली की चार चौरस झाले. रोप नेमकं दोरीखाली आलं तर ते दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत मोजलं जाईल का, ही शंका चांगली मुलं काढतात. तसं रोप कोणत्याही एका बाजूला द्यायचं, कुठल्याही दिलं तरी चालतं. प्रत्येक वस्तूला एक तरी जागा मिळाली पाहिजे, एवढंच जपायचं.

वाफ्याच्या कोड्यात मुलं हमखास वाफ्याचे चार त्रिकोण करतात, कर्णांनी. मग अडकतात, कारण त्या त्रिकोणाची एक बाजू पूर्ण दोन मीटरची आहे आणि दोन रोपं तिच्या दोन टोकांना असू शकतात. चार कप्पे झाले, पण कप्प्यातून मागणी मिळत नाही. पहिला प्रश्न न विचारता दुसऱ्यावर उडी मारली की असं होतं.

यानंतर बाक्यांची कोडी घ्या. मागणीत "भाग जातो" हे शब्द दिसले की कप्पे बहुतेक वेळा बाक्यांचे असतात, आणि दोन संख्यांची बाकी सारखी असेल तर त्यांच्या फरकाला भाग जातो, ही एकच गोष्ट वापरायची असते. आपल्याकडे बेळगावच्या गाडीवर केए २२ असतं आणि चिकोडीच्या गाडीवर केए २३. मुलांना विचारा, नुसते १ लिहून झालेली, म्हणजे ११, १११, ११११ अशी, एखादी संख्या २३ ने भागली जाईल का? १, ११, १११ असं करत २३ एकांपर्यंत २३ संख्या लिहा. एखादीला भाग गेला तर काम झालं. एकीलाही गेला नाही तर बाक्या १ ते २२ मधल्याच असणार, म्हणजे कप्पे २२ आणि संख्या २३. दोघींची बाकी सारखी निघाली. मोठीतून लहान वजा करा. उरतं ते पुढे काही १ आणि मागे काही ०, जसं ११११ वजा ११ म्हणजे ११००. बाकी सारखी असलेल्या त्या दोघींच्या फरकाला २३ ने भाग जातो. पण २३ आणि १० मध्ये समान अवयव नाही, म्हणून मागचे शून्य खोडले तरी भाग जातोच. उरले नुसते १. प्रत्यक्षात २२ वेळा १ लिहिलं की ती संख्या २३ ने पहिल्यांदा भागली जाते. चिकोडीच्या नंबराला बेळगावच्या नंबराइतके एक लागतात, हे मुलांना फार आवडतं. आता २२ साठी करून पाहायला सांगा. नुसत्या एकांची संख्या विषम, तिला २२ ने कधीच भाग जाणार नाही. इथे शून्य खोडायची पायरी अडते, कारण २२ आणि १० मध्ये २ समान आहे. पण १ आणि ० दोन्ही चालत असतील तर ११० आहेच. कुठली पायरी कशाच्या जोरावर उभी आहे हे या दोन नंबरांनी जितकं स्पष्ट होतं, तितकं व्याख्येने होत नाही.

बाक्यांचंच आणखी एक, जरा वरच्या पातळीचं. साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या सात ट्रॉल्या रांगेत उभ्या आहेत, प्रत्येकीचं वजन पूर्ण टनांत. रांगेतल्या एक किंवा सलग काही ट्रॉल्यांचं एकूण वजन ७ ने भागलं जाणारच. इथे मुलं ट्रॉल्यांनाच वस्तू मानतात आणि हरतात. सलग तुकड्याची बेरीज म्हणजे दोन "इथपर्यंतच्या" बेरजांतला फरक. म्हणून वस्तू आहेत या इथपर्यंतच्या बेरजा, सात. समजा वजनं १२, १५, ९, ११, १३, १०, १६ आहेत. बेरजा १२, २७, ३६, ४७ अशा जातात. ७ ने भागल्यावर बाक्या ५, ६, १, ५. पहिली आणि चौथी सारखी, म्हणून दुसरी, तिसरी, चौथी ट्रॉली मिळून १५ + ९ + ११ = ३५. सातही बेरजांत कुठेच बाकी ० आली नाही तर बाक्या १ ते ६ एवढ्याच, म्हणून दोन सारख्या निघणारच. ० आली तर पहिल्यापासूनचा तुकडाच चालतो.

कप्पे बदलून भागत नाही तेव्हा वस्तू बदलायच्या, हा धडा इथून मिळतो. त्याची पुढची पायरी तालमीच्या कोड्यात आहे. एक पैलवान ३० दिवसांत रोज किमान एक सरावाची कुस्ती खेळतो, एकूण ४५ पेक्षा जास्त नाही. सलग काही दिवस असे असणारच की त्यांत नेमक्या १४ कुस्त्या झाल्या. पुन्हा इथपर्यंतच्या बेरजा घ्या. त्या ३० आहेत, रोज वाढतात, ४५ च्या आत आहेत. मागणी आहे दोन बेरजांत १४ चा फरक. म्हणून प्रत्येक बेरजेत १४ मिळवून दुसरी ३० संख्यांची यादी करा. ती ५९ च्या आत. दोन्ही याद्या मिळून ६० संख्या आणि जागा १ ते ५९. दोन संख्या सारख्या निघाल्याच. पहिल्या यादीतल्या दोन सारख्या असू शकत नाहीत, कारण रोज किमान एक कुस्ती आहे. दुसरीतही नाहीत. म्हणून एक इकडची आणि एक तिकडची. "रोज किमान एक" ही अट मुलांना शोभेची वाटते. ती काढली तर सिद्धता कुठे कोसळते, हे त्यांच्याकडून काढून घ्या.

कधी कधी कप्पे आणि वस्तू मोजून सारखेच भरतात आणि मुलं हात टेकतात. लग्नाच्या हॉलमध्ये ४० माणसं आहेत, ओळख दोन्ही बाजूंनी. दोघं तरी असे असणार की हॉलमध्ये त्यांच्या ओळखीची माणसं सारखीच आहेत. ओळखी ० ते ३९, कप्पे ४०, माणसं ४०. पण ० च्या कप्प्यात कुणी असेल, म्हणजे त्याला कुणीच ओळखत नसेल, तर सगळ्या ३९ जणांना ओळखणारा कुणी असूच शकत नाही. या दोन कप्प्यांतला एक रिकामा राहणारच, म्हणून वापरातले कप्पे ३९. सारखे भरले तर सोडून देण्याआधी विचारायचं, यातले कोणते दोन कप्पे एकाच वेळी भरणं अशक्य आहे?

उलट, कधी कप्पे इतके कमी पडतात की दोनाच्या जागी बरेच मिळतात. जिल्ह्याच्या जुन्या दहा तालुक्यांतून २१ मुलं शिबिराला आली तर एखाद्या तालुक्यातून किमान ३. हे नुसतं भागाकाराचं गणित आहे, पण त्याची ताकद पाहायची असेल तर केसांचं कोडं घ्या. माणसाच्या डोक्यावर साधारण लाख-दीड लाख केस असतात. आपण सढळ हाताने ३ लाखांची कमाल धरू. कप्पे ० ते ३ लाख. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती. प्रत्येक कप्प्यात १५ जण धरले तरी ४५ लाखांच्या आसपासच संपतात. म्हणून एकही केस न मोजता सांगता येतं की जिल्ह्यात तेव्हा किमान १६ माणसांच्या डोक्यावर अगदी सारखे केस होते. केसांचा हा विचार जुना आहे, ज्याँ ल्यूरेशाँ या फ्रेंच जेझुइटाने तो १६२२ मध्ये छापला होता. तत्त्वाला नाव मिळालं ते डिरिश्ले या जर्मन गणितज्ञाचं. त्याने पुढे अपरिमेय संख्या अपूर्णांकांनी किती जवळून गाठता येतात, हे याच तत्त्वाने दाखवलं.

तत्त्वाची सीमाही मुलांना दाखवा, आणि त्यासाठी आपल्याजवळ कापरेकर आहेत. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची क्रिया मुलांना करायला द्या : सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि तिथून पुढे ६१७४च. पिजनहोल तत्त्व इथे काय सांगतं? पुढचे शून्य धरून चार अंकी संख्या १०,००० आहेत, म्हणून क्रिया करत राहिलं तर कुठे तरी संख्या पुन्हा येणार आणि तिथून चक्र सुरू होणार. एवढंच. चक्र एकाच संख्येचं असेल आणि ती ६१७४ असेल, हे कापरेकरांनी शोधावं लागलं. दोन अंकी संख्यांवर तीच क्रिया करा : ८१ पासून ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. पाच संख्यांचं चक्र, स्थिर संख्या नाहीच. तत्त्व "आहे" एवढीच हमी देतं, कुठे आहे आणि कसं आहे ते सांगत नाही. हे कळलेलं मूल परीक्षेत नको तिथे हे तत्त्व चिकटवत नाही.

लिहिण्याबद्दल. सिद्धतेत तीन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत आल्या पाहिजेत : वस्तू कोणत्या आणि किती, कप्पे कोणते आणि किती, कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात जाते. मग चौथं वाक्य, एका कप्प्यात दोन आल्या म्हणून मागणी कशी पुरी होते. आपली मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जातात. त्या वेळी भाषेच्या भीतीने ती सिद्धता तोडून-तोडून, नुसती चिन्हं टाकून लिहायला लागतात. म्हणून दहावीपर्यंत या चार वाक्यांची मराठी लेखणी पक्की करून घ्या. विचार एकदा वाक्यांत बसला की पुढे भाषा बदलताना तो सांडत नाही. हे मी आग्रहाने सांगतो, कारण इथली हुशार मुलं गणितात नाही तर या पायरीवर मागे पडताना मी पाहिली आहेत.

शेवटी मोठ्या स्पर्धेतली दोन कोडी वर्गाला जरूर दाखवा, म्हणजे त्यांना कळेल की याच शिडीने तिथवर जाता येतं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधलं पहिलंच कोडं : दहा वेगवेगळ्या दोन अंकी संख्या दिल्या तर त्यांतून दोन गट असे काढता येतातच की दोन्हींत समान संख्या एकही नाही, पण बेरीज सारखी. मागणी बेरजेची, म्हणून कप्पे बेरजांचे. मोठ्यात मोठी बेरीज ९० ते ९९ ची, ९४५. आणि वस्तू? दहा संख्यांतून रिकामा सोडून १०२३ गट होतात. दोन गटांची बेरीज सारखी निघालीच. दोन्हींत असलेल्या संख्या दोन्हींतून काढून टाका, बेरजा सारख्याच राहतात. यात एखादा गट पूर्ण रिकामा होईल का, हे मुलांनी तपासायचं.

दुसरं १९६४ मध्ये मॉस्कोत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधलं. १७ जण एकमेकांना पत्रं लिहितात, एकूण तीनच विषय, प्रत्येक जोडीचा एकच विषय. तिघं असे असणारच की त्यांच्यातली तिन्ही पत्रं एकाच विषयावर. आधी मुलांकडून सोपं करून घ्या : सहा माणसांत तिघं एकमेकांच्या ओळखीचे किंवा तिघं एकमेकांना अनोळखी असतातच. एकाला उभं करा, उरलेल्या पाचांचे दोन कप्पे, एका कप्प्यात किमान तीन. समजा ते तिघं त्याच्या ओळखीचे. त्यांच्यात एक जरी ओळख असली तर उभा असलेला धरून त्रिकूट झालं, एकही नसली तर ते तिघंच अनोळखी त्रिकूट. ते तिघं त्याला अनोळखी असतील तरी हेच, फक्त शब्द उलटे. मग १७ मधला एक उभा करा. उरले १६, कप्पे तीन विषयांचे, म्हणून एका विषयात किमान सहा. त्या सहांत कुणी दोघं आपसात त्याच विषयावर लिहीत असतील तर काम झालं. नसतील तर सहा माणसं आणि दोनच विषय उरले, आणि ते कोडं तुमच्या मुलांनी नुकतंच सोडवलेलं आहे.